नावावर चार माग

दिवाळी जवळ आली की घरोघरी बायकांना भाजणीची काळजी लागते आणि पुरुषांना बोनसची. आमच्या धंद्यातल्या माणसाला मात्र तिसरीच काळजी असते, ती विवरणपत्रांची. भिवंडीत पन्नास वर्षांहून अधिक काळ मी लोकांचे आयकराचे कागद करीत आलो आहे. लोक मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. मी वकील नाही. काळा कोट मी कधी अंगावर घातलेला नाही. पण आमच्या गावात इंजेक्शन देईल तो डॉक्टर आणि सरकारी कागद वाचून दाखवील तो वकील, अशी एक सुटसुटीत व्यवस्था आहे. ती मोडण्याचे मला कधी कारण दिसले नाही.

इतक्या वर्षांत माझ्या टेबलासमोर बसलेल्या माणसांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, “वकीलसाहेब, किती वाचेल?” ‘किती भरायला हवा?’ असे विचारणारा भेटला नाही असे नाही. पण त्यांची मोजदाद करायला एका हाताची बोटे पुरतील. आणि खरे सांगू? मला त्या प्रश्नाचा कधी रागही आला नाही. मंडईत दोन जुड्या मेथी घेतली की आपण कोथिंबिरीच्या चार काड्या वर मागतोच. सरकारी नियमात जी काडी फुकट मिळते ती श्रीमंताने मागू नये, असा काही शास्त्रार्थ नाही.

राग येतो तो आमच्या धाकट्या मुलीला. ती मुंबईला एका बँकेत अधिकारी आहे. गेल्या गणपतीत जेवणे झाल्यावर सुपारी कातरता कातरता मी सहज एका शेठजींच्या कागदांविषयी बोललो, तशी ती उसळून म्हणाली, “बाबा, माझा कर पगार हातात पडायच्या आधीच कापून घेतात. यंदा कसं बसवू, असं मला कुणी विचारतं का? तुमचे शेठ मात्र बायको, मुलगा, आई, एकत्र कुटुंब अशी माणसं ओळीनं उभी करतात आणि एकाच गल्ल्यातला पैसा पाचजणांच्या नावे दाखवतात. प्रत्येकाची पायरी खालची, प्रत्येकाचा कर कमी. आणि हे म्हणे कायदेशीर!”

‘एकत्र कुटुंब’ हे कायद्याने एक वेगळे माणूसच असते आणि त्याला स्वतःचे पॅनकार्ड असते, हे ऐकून आमचे जावईबापू हसू लागले. कुटुंबाच्या पॅनकार्डावर फोटो कुणाचा लावतात, असे त्यांनी विचारले. त्या हशात विषय तेवढ्यापुरता मिटला, पण मुलीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. तिचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. ते निम्मे कोणते, एवढेच मला सांगायचे आहे.

आधी शेठजींची बाजू सांगतो. मी या धंद्यात पडलो तो काळच मोठा विलक्षण होता. १९७३-७४ साली आयकराच्या सर्वांत वरच्या पायरीवर अधिभार धरून ९७.७५ टक्के कर होता. म्हणजे त्या पायरीवर पोचलेल्या माणसाने आणखी शंभर रुपये मिळवले, तर त्याच्या खिशात सव्वादोन रुपये राहायचे. शिवाय १९५७ पासूनचा संपत्तीकर वेगळा, आणि माणूस मेला की चिंतामणराव देशमुखांच्या कारकिर्दीत, १९५३ साली आलेला मृत्युकर दारात उभा. असल्या दरांनी कर वाढत नाही, काळा पैसा वाढतो, असे वांच्छू समितीने १९७१ सालीच सांगितले होते. पुढे यशवंतराव चव्हाण अर्थमंत्री असताना १९७४ च्या अंदाजपत्रकात तो दर ७७ टक्क्यांवर आला. त्या दिवसांत दोन प्रकारचे शेठ माझ्या पाहण्यात होते. एक कच्च्या चिठ्ठीवर माल विकून नोटा गादीखाली घालणारे. आणि दुसरे, ‘कायद्यात बसेल तेवढंच करा, पण झोप लागू द्या’ असे म्हणणारे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला नावे ठेवण्याची माझी तयारी तेव्हा नव्हती, आजही नाही.

आता ते दिवस गेले. मृत्युकर १९८५ साली गेला, संपत्तीकर २०१५ साली. नव्या पद्धतीत सर्वांत श्रीमंत माणसाचा वरचा दर, अधिभार नि उपकर धरूनही, ३९ टक्क्यांपर्यंत येतो. ९७ वरून ३९! तरी प्रश्न तोच: किती वाचेल? तेव्हा, ‘दर फार म्हणून आम्ही वाटा शोधतो’ हे काही सर्वस्वी खरे नव्हे. सवय ही सवय असते.

कर टाळण्याच्या वाटेवर एखादे गावच्या गाव कसे वसते, हे पाहायचे असेल तर मुंबई-नाशिक रस्त्याने आमच्याकडे या. माणकोली, दापोडा, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर अशी पूर्वीची भातशेतीची गावे. आज तिथे पत्र्याच्या छपरांखाली अर्ध्या मुंबईचा संसार ठेवलेला असतो: औषधे, साबण, पंखे, पुस्तके, बूट. हे इथे का आले? जागा स्वस्त हे एक कारण. पण दुसरे मोठे कारण मुंबईची जकात. मुंबईच्या हद्दीत माल शिरला की नाक्यावर जकात भरावी लागे. मग जो माल पुढे पुण्याला किंवा नागपूरला जायचा, तो मुंबईत नेऊन ठेवायचा कशाला? हद्दीबाहेर, ग्रामपंचायतीच्या जागेत ठेवावा आणि मुंबईत खपेल तेवढाच आत न्यावा. कायद्याच्या एका अक्षराला धक्का नाही. १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. आता गोदामे ओस पडतील असे पुष्कळांना वाटले. ती पडली नाहीत, उलट वाढली. कारण दर राज्यात करासाठी वेगळे गोदाम ठेवण्याची गरज संपली आणि कंपन्यांना एकाच ठिकाणी मोठे गोदाम हवेसे झाले.

या गोदामवाल्यांना मी चोर म्हणणार नाही. माल खरोखरच तिथे उतरतो, हमाल खरोखरच पोती वाहतात, आगरी शेतकऱ्याला खरेच भाडे मिळते. कर वाचवण्यासाठी निघालेल्या माणसाने वाटेत हजारो लोकांची चूल पेटवली. फक्त एक गोष्ट मला खटकते. गोदामाला आग लागते (आणि आमच्याकडे ती वरचेवर लागते), तेव्हा बंब येतो भिवंडी महापालिकेचा. तो पुरला नाही तर ठाण्याचा, कल्याणचा. म्हणजे ज्या शहरांच्या हद्दी टाळून गोदाम बांधले, त्यांच्याच रहिवाशांच्या पैशाचे पाणी शेवटी त्यावर पडते. एवढे झाल्यावर तोच मालक माझ्यासमोर बसून अंजूर फाट्याच्या खड्ड्यांवरून सरकारचा उद्धार करू लागला की मी चष्मा पुसायला घेतो. चष्मा पुसण्याने बोलणे टाळता येते.

हा झाला मालाच्या जागेचा प्रकार. दुसरा प्रकार नावांचा, आणि आमच्या मुलीचा राग त्याच्यावरच आहे. त्याची गोष्ट सांगायची तर मागांकडे वळले पाहिजे.

भिवंडी म्हणजे माग. गोदामे कालची, पण यंत्रमागाचा खडखडाट आमच्या लहानपणापासून कानात आहे, इतका की वीज गेली की गावातली तान्ही मुले दचकून जागी होत. आमचे अण्णा मागवाल्यांचे मेहताजी. सुताच्या पेढीवर सकाळी, मागवाल्यांच्या घरी संध्याकाळी, अशा सहा-सात ठिकाणच्या चोपड्या ते लिहीत. त्या काळात यंत्रमागाच्या कापडावर अबकारी जकात होती आणि ती मागांच्या संख्येवर चढत जाई. घरात चार माग टाकून पोट भरणाऱ्या गरीब विणकराला सरकारने सवलत दिली होती. हेतू उत्तम. परिणाम असा झाला की पाहता पाहता भिवंडीतले निम्मे मागवाले चार-चार मागांचे गरीब विणकर झाले! चोवीस मागांचा कारखाना असे. पण कागदावर चोवीस नाहीत, चार गुणिले सहा. एकाच छपराखाली, मध्ये गोणपाटाचा नाहीतर फळ्यांचा आडपडदा, बाहेर सहा देवांच्या नावांच्या सहा पाट्या. एक पाटी शेठची, एक त्यांच्या बायकोची, एक आईची, बाकीच्या भावांच्या नि भावजयांच्या. हे नुसते भिवंडीतच नव्हे, मालेगावलाही असेच. अशोक मेहता समितीने १९६४ सालच्या अहवालात मागांच्या या तुकड्या पडण्याची दखल घेतली आहे. दहा कामगारांच्या आत राहिले की फॅक्टरी कायद्यातूनही सुटका होई, तो फायदा वेगळाच.

अशाच एका चोवीस मागांच्या घराची ही हकीकत. नावे सांगत नाही. त्या घरातली माणसे अजून माझ्याकडे येतात. शेठ म्हणजे थोरले भाऊ. मोठा कर्तबगार माणूस. बाप लवकर गेल्यावर धाकट्यांना त्यानेच वाढवले. १९६७ साली त्यांनी धाकट्या भावजयीच्या नावावर चार माग केले. तिला पैसा आला कुठून, हे दाखवायला हवे होते. तेव्हा तिने माहेरच्या पाटल्या मोडून माग घेतले, अशी नोंद झाली. दर वर्षी कागद तयार होत, अण्णा तिच्या घरी जाऊन तिला वाचून दाखवीत आणि ती मोठ्या कष्टाने, ओठ आवळून, आपले नाव लिही. चौथी शिकलेली बाई. नफा तिच्या नावे दिसे. तो जाई मात्र शेठच्या गल्ल्यात. त्यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. घर एक, चूल एक.

१९७८ साली धाकटा भाऊ काविळीने गेला. पदरात दोन मुले. दिवस होऊन दोन महिने झाले नसतील, तोच शेठने सहा माग विकायचे ठरवले. त्यांत भावजयीचे चार होते. सहीसाठी तिला आमच्या घरी बोलावले. मी तेव्हा अण्णांच्या हाताखाली होतो. अण्णा झोपाळ्यावर, शेठ खुर्चीवर, ती दाराशी भिंतीला टेकून उभी. कागद पुढे केला तशी तिने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि शांतपणे विचारले, “भाऊजी, यांतले माझे माग कोणते?”

शेठ हसले. “अहो, ते नावापुरते. कराच्या भानगडीसाठी केलेलं. तुम्हाला काय करायचंय त्याचं? घरखर्चाला महिन्याचे महिन्याला पैसे मिळताहेत ना?”

ती म्हणाली, “पाटल्या मात्र नावापुरत्या नव्हत्या.”

खोलीत कुणी बोलेना. मलाही हे नवीन होते. पाटल्यांची नोंद म्हणजे अण्णांची युक्ती, असे मी समजत होतो. अण्णा काही न बोलता उठले, माळ्यावरची १९६७ सालची कीर्द काढायला त्यांनी मला सांगितले. लाल कापडाची ती चोपडी झटकून त्यांनी पान काढले. पाटल्या दोन, वजन, सोनाराकडून आलेली रक्कम, सगळे त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात होते. सुताच्या व्यापाऱ्याचे देणे थकले होते म्हणून त्या वर्षी पाटल्या खरोखरच मोडल्या होत्या. शेठ विसरले होते. ती विसरली नव्हती. हातातून गेलेले सोने बाई विसरत नाही.

शेठही व्यवहारी. त्यांनी चट्कन हिशेब केला. “ठीक आहे. पाटल्यांच्या पैशात त्या वेळी फार तर एक जुना माग आला असता. एक माग वहिनींचा. दिला.”

हिशेब चुकीचा नव्हता. मी तर मनात म्हटले, सुटला प्रश्न. पण अण्णांनी कीर्द मिटली आणि म्हणाले, “शेठ, चार मागांच्या सह्या अकरा वर्षं मी घेतल्यात. दर वर्षी वाचून दाखवून घेतल्यात. हे माग माझे, हा नफा माझा, असं वहिनींनी सरकारला अकरा वेळा लिहून दिलंय. आता ते खोटं होतं म्हणायचं असेल तर माझी ना नाही. चला, उद्या सकाळी अबकारी कचेरीत जाऊन तसं सांगून येऊ. मी येतो बरोबर.”

शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझं काय म्हणणं? तू शिकलेला आहेस.” मी म्हणालो, “अण्णा म्हणतात तेच.” त्यावर, “तू कालचा पोरगा!” असे म्हणून ते चपला घालून निघून गेले.

तिला चारही माग मिळाले. सोपे गेले नाही. दोन महिने निरोप चालले होते, घरातल्या म्हाताऱ्या सासूबाई मध्ये पडल्या तेव्हा कुठे जमले. त्याच छपराखाली, जागेचे भाडे आणि विजेचा वाटा देऊन तिने मजुरीवर कापड विणून द्यायला सुरुवात केली. बीम कुठे भरायचा, कांड्यांचा हिशेब कसा ठेवायचा, हे तिला कुणी शिकवले कोण जाणे. मुले शिकली. तिचे कागद मी पुढे पंचवीस वर्षे केले; आणि ‘किती वाचेल’ हे तिनेही दर वर्षी न चुकता विचारले! शेठ दोन वर्षे आमच्या दारात आले नाहीत. तिसऱ्या वर्षी मार्चअखेर जवळ आली तसे आले. कराला रुसवेफुगवे परवडत नाहीत.

अण्णांचे त्या दिवशीचे बोलणे मला पुढे पुष्कळ उपयोगी पडले. न्यायालयांनीही या प्रश्नावर कमी डोके शिणवलेले नाही. विलायतेत वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकने आपल्या माळ्याला पगाराऐवजी करारपत्राने वार्षिक रक्कम द्यायचे ठरवले, कारण पगारावर सूट नव्हती आणि तशा रकमेवर होती. तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने १९३० च्या दशकात ड्यूकच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे १९८५ साली मॅक्डॉवेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय गरजले की, नियोजनाच्या नावाखाली असले रंगवलेले देखावे चालायचे नाहीत. २००३ साली तोच सूर मवाळ झाला, २०१२ साली व्होडाफोनच्या प्रकरणात कंपनी जिंकली, लगेच सरकारने मागच्या तारखेपासून कायदा बदलला, २०२१ साली तो मागे घेतला. दरम्यान, निव्वळ कर चुकवण्यासाठी रचलेला व्यवहार बाजूला सारण्याचा अधिकार देणारे नियम १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. हे सगळे मी धंद्यासाठी वाचतो, वाचावे लागते. पण ड्यूकच्या खटल्यात मला आवडलेली गोष्ट निराळीच आहे. माळ्याला पैसे खरोखर मिळत होते. त्याने उद्या काम सोडले असते तरी ड्यूकला ते द्यावेच लागले असते. कागदाने ड्यूकचा कर वाचवला, पण ड्यूकला बांधूनही घातले.

मुलीला मी हेच सांगितले. शेठने मुलाच्या नावे दुकान केले, बहिणीला शेअर दिले, त्याने त्याचा कर घटला, तर घटू दे. एकाच्या मुठीतली मालमत्ता पाचांच्या हाती गेली, हे काही वाईट नव्हे. पण नाव एकाचे आणि किल्ली दुसऱ्याची, हा प्रकार असेल तर त्यात लुबाडणूक दुहेरी आहे. सरकारची तर आहेच. पण जिच्या नावाची सही वापरली तिची अधिक. सरकार आपले पाहून घेते. बायकोला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरावे, सुनेला दिलेले सासऱ्याच्या, आणि १९९२ पासून अज्ञान मुलाचेही आईबापांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्यात, हे कायद्याने केव्हाच लिहून ठेवले आहे. बेनामी व्यवहाराचा १९८८ चा कायदा २०१६ साली दुरुस्त होऊन कडक झाला. पण कपाटात चेकबुक कुणाच्या कप्प्यात आहे, हे कुठला अधिकारी पाहायला येणार?

“म्हणजे माझा कर कापलेलाच राहणार,” मुलगी म्हणाली. राहणारच. पगारदाराला कोथिंबिरीची काडी मागायला सरकारने जागाच ठेवलेली नाही, आणि तेवढ्यापुरती तिची तक्रार रास्त आहे. तिला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती म्हणाली, निदान तुम्ही तुमच्या शेठजींना एवढं तरी विचारत जा. मी म्हणालो, विचारतो. तिला ते खरे वाटले नसावे.

गेल्या महिन्यात एक गोदामवाले आले होते. काल्हेरकडे त्यांचे पुष्कळ गाळे आहेत. त्यांतले तीन गाळे नाशिकला दिलेल्या मुलीला बक्षीसपत्राने द्यायचे त्यांच्या मनात आहे. मुलगी सज्ञान, लग्न झालेली. भाडे तिच्या उत्पन्नात जाईल, यांची वरची पायरी तेवढी हलकी होईल. कायद्यात कुठेही आडकाठी नाही. मी कागदावर आकडे मांडून दाखवले. आकडा चांगला होता. त्यांनी खिशातून पेन काढले आणि तो लिहून घेतला.

मी विचारले, “ताईंना सांगितलंत?”

“तिला काय सांगायचं? दिवाळीला येईलच माहेरी, तेव्हा सही घेऊ. खातं इथल्याच बँकेत काढू. चेकवर आधीच सह्या करून ठेवील ती, पुढचं मी बघतो.”

“भाडं महिन्याच्या महिन्याला ताईंच्या नाशिकच्या खात्यात जमा होऊ दे,” मी म्हणालो. “चेकबुक त्यांच्याकडे. आणि त्यांनी उद्या तो गाळा विकायचं म्हटलं तर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. हे चालत असेल तर मी आजच बक्षीसपत्राचा मसुदा करायला देतो.”

ते बराच वेळ पंख्याकडे पाहत बसले. मग म्हणाले, “वकीलसाहेब, हे तुम्ही कायद्याचं सांगताय का तुमचं?”

“दोन्हीचं,” मी म्हणालो. “बक्षीस दिलं म्हणजे दिलं.”

घरी विचारून फोन करतो म्हणाले. पेनाला टोपण लावले, आकडा लिहिलेला कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि गेले. अजून त्यांचा फोन आलेला नाही. ताई मात्र धनत्रयोदशीला यायची आहे, असे त्यांचा ड्रायव्हर परवा सांगत होता.